शेवंता, बबड्याची आई आणि चारचौघींत न बोलायच्या गोष्टी

शेवंता आवडते असं चारचौघींत म्हणायचं नसतं, एवढं भान आमच्या पिढीच्या बायकांना आहे. त्यामुळे २०१९ मध्ये 'रात्रीस खेळ चाले'चं दुसरं पर्व सुरू झालं तेव्हा हळदीकुंकवाला जिच्या-तिच्या तोंडी माईच होती. बिचारी माई, किती सोसते! नवरा असला बाहेरख्याली, तरी घर कसं धरून ठेवलंय! सगळ्या माना हलवत होत्या. आणि मग आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तोंड उघडलं. माईसारखं काही शिवून द्या म्हणून त्याच्याकडे एकही बाई गेली नव्हती. शेवंतासारखा गळा मात्र... "अगदी तसाच नको हो, जरा वर घ्या, पण दिसला तसाच पाहिजे." असं सांगणाऱ्यांत दोघी आमच्या भजनी मंडळातल्या निघाल्या. नावं विचारू नका. एक पेटी वाजवते.

शेवंता कोण हे ज्यांना खरंच माहीत नाही (आहेत अशा? असतील बाई) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. झी मराठीवरची गोष्ट. सिंधुदुर्गातलं आकेरी गाव, नाईकांचा वाडा आणि वाड्यात अण्णा नाईक, म्हणजे माधव अभ्यंकर. गावावर दरारा, हात चालतो, जीभ त्याहून जास्त चालते, आणि नजर... नजरेचं काय सांगावं! घरात माई आणि पोरंबाळं. अण्णांची बाहेरची ती शेवंता, अपूर्वा नेमळेकर. पहिलं पर्व २०१६ मध्ये येऊन गेलं होतं आणि दुसऱ्यात त्याच्या आधीची कथा होती. म्हणजे या सगळ्याचा शेवट काय होणार, हे प्रत्येकीला ठाऊक. पाप, शाप, मरण, भूत. तरी रात्री साडेदहाला घरोघरी टीव्ही चालू आणि आवाज हळू.

'आम्ही आपली भुताची मालिका म्हणून बघतो' असं सांगणाऱ्यांना मी विचारते, भुताची एवढी हौस आहे तर शेवंता आरशासमोर बसली की तुम्ही सोफ्यावर पुढे का सरकता? मराठी मालिकेतली सुशील बाई आरशात बघते ती कुंकू नीट लागलंय का हे पाहायला, नाहीतर रडायला. शेवंता आरशात बघते, गजरा माळते आणि जे दिसतं त्यावर खूश होते. अगोचरपणाची कमाल! शिवाय तिला हवं असतं. सून असो, आई असो, बायको असो, आपल्या नायिकेला जे काही हवं असतं ते नेहमी दुसऱ्यासाठी. नवऱ्याचं ऑपरेशन नीट व्हावं, दिराला नोकरी लागावी, घराण्याची अब्रू राहावी. शेवंताला साडी हवी असते ती स्वतःला, सोनं हवं असतं ते स्वतःला. अण्णांचं काय ते सोडा. तो माणूस दारात उभा करायच्या लायकीचा नाही, याबद्दल आमच्यात एकमत होतं. पण 'मला पाहिजे' एवढे दोन शब्द कुणी बाई पडद्यावर मान वर करून म्हणते, हे बघायला आम्ही जागत होतो.

मालिकावाल्यांनी तिच्याकडून त्याची किंमत वसूल केलीच. मारली आणि भूत केली. त्यांना वाटलं, झाली शिक्षा. पण भुताला कुणी 'जरा चहा टाक' म्हणत नाही, याकडे त्यांचं लक्ष गेलं नसावं.

आता सोज्वळ नायिका आम्हाला आवडतच नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. आवडतात, पण त्या आवडीची तऱ्हा निराळी. 'होणार सून मी ह्या घरची'मधली जान्हवी आठवा. २०१३ ते २०१६, तेजश्री प्रधान, आणि शशांक केतकरचा श्री. बँकेत नोकरी करणारी, साधी, कुणालाही न दुखवणारी पोर. तिचं मंगळसूत्र इतकं गाजलं की सराफाकडे जाऊन 'जान्हवीचं दाखवा' एवढंच म्हटलं तरी पुरे होत असे. 'काहीही हं श्री' हे वाक्य, घरातल्या नवऱ्याचं नाव श्री असो की दगडू, सगळीकडे पोचलं. एवढं प्रेम! आणि त्याच जान्हवीला रोज रात्री आठ वाजता आमच्या बायका काय काय बोलत! 'बोल ना गं, तोंड शिवलंय का?' 'अगं त्या सावत्र आईवर विश्वास कसला ठेवतेस, बावळट!' 'सांगून टाक की त्याला, सांग, सांग... गेली बाई, न सांगताच गेली!' जिला दिवसभर 'तू जरा समजून घे' हे ऐकावं लागतं, तिला अर्धा तास दुसऱ्या बाईला शहाणपण शिकवायला मिळणं ही फार मोठी चैन आहे. सोज्वळ नायिका चार पावलं मूर्ख असते म्हणूनच आवडते. ती शहाणी झाली तर आम्ही कुणावर ओरडायचं?

तिच्या बाळंतपणाचा विषय मी काढणार नव्हते. पण ते मालिकेत इतकं लांबलं की सगळ्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर विनोद फिरायला लागले, आणि त्यातले निम्मे आमच्याच बायकांनी पुढे ढकलले. ढकलून झाल्यावर टीव्ही लावला, हेही खरं.

जान्हवीच्या यशाचं खरं गुपित मात्र तिच्या सासरात होतं, आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही, हे मला अजून खटकतं. गोखल्यांचं घर म्हणजे बायकांनी भरलेलं. वरती आईआजी, खाली श्रीची आई आणि बाकी सगळ्या, आणि या सगळ्याजणींचं सुनेवर प्रेम! छळ नाही, टोमणा नाही, 'आमच्याकडे असं नसतं हं' नाही. भानगड सगळी माहेरची, त्या सावत्र आईची. ज्यांच्या घरी सासूनं फ्रिजमधल्या पातेल्यांवरसुद्धा नजर ठेवलेली असते त्या बायकांना हे बघून काय वाटलं असेल? आकेरीच्या भुतावर एक वेळ विश्वास बसेल. आणखी गंमत म्हणजे ही मायाळू आईआजी झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. त्याच बाईंनी 'चार दिवस सासूचे'मध्ये आशालता देशमुख होऊन अकरा वर्षं, २००१ पासून २०१३ पर्यंत, तीन हजारांहून जास्त भाग सासूपण गाजवलं होतं. एक मालिका संपते न संपते तोच दुसरीत त्या आईआजी म्हणून हजर. सासू इतकी बदलते हे पाहून कित्येक सुनांनी देव पाण्यात ठेवले म्हणे.

राधिकेचं प्रकरण त्याहून स्फोटक. 'माझ्या नवऱ्याची बायको', २०१६. नावातच भांडण! अनिता दाते-केळकरची राधिका म्हणजे नागपूरकडची, वऱ्हाडी बोलणारी, साडीतली, डबे भरणारी. नवरा गुरुनाथ ऑफिसात साहेब, आणि त्याची ती शनाया. मालिका साडेचार वर्षं चालली. साडेचार वर्षं बायका काय बघत होत्या? प्रेम? संसार? छे हो. गुरुनाथ कधी आपटतो, हे. आपटला की उठायचा, उठला की खोटं बोलायचा, पुन्हा आपटायचा. राधिका तोवर मसाले करत होती. त्या मसाल्यांचा व्यवसाय झाला, व्यवसायाची कंपनी झाली, कंपनी कोट्यवधींची झाली आणि तरीही बाईंची बोली तीच. बायकांना सगळ्यांत आवडलं ते हे. सुंदर होऊन, केस कापून, इंग्रजी शिकून जिंकणारी नायिका सिनेमात खूप पाहिली. ही जशी आली होती तशीच जिंकली, तेही ज्या स्वयंपाकघरावरून नवऱ्यानं नाक मुरडलं त्याच स्वयंपाकघराच्या जिवावर. हिशेबाच्या बाजूनं मालिका कच्ची होती, हे आमच्या ओळखीतल्या एका गृहउद्योगवाल्या बाईंनी ठणकावून सांगितलं. मसाल्याच्या पाकिटाला किती सुटतात ते मला विचारा म्हणाल्या. पण एकही भाग चुकवला नाही त्यांनी.

शनायाबद्दल मात्र आमच्यात उभी फूट पडली. 'सटवी' म्हणायचं यावर एकमत होतं. कुठली सटवी खरी, यावर वाद. आधी रसिका सुनील होती, ती शिकायला अमेरिकेला गेली. मग ईशा केसकर आली. मग काही काळानं पुन्हा रसिका. मंडळी, नायिका बदलली तर आमच्या बायका एक दिवस कुरकुर करतात आणि दुसऱ्या दिवशी वरण फोडणीला टाकतात. खलनायिका बदलली तर आठवडाभर फोन चालतात. 'तिची ती मान वळवायची ढब नाही गं हिला!' शेवंताच्या वेळीही तेच. तिसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकर मध्येच बाहेर पडली, कृतिका तुळसकर आली, आणि आमच्या भिशीत सुतक पाळल्याची अवकळा आली. नायिकेच्या बाबतीत आम्ही तिचं दुःख बघतो, ते कुणीही रडलं तरी चालतं. खलनायिकेच्या बाबतीत आम्ही ती बाई बघतो.

आणि का नाही बघणार? 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये अंजलीबाई होत्या, गुणी, शाळेत शिकवणाऱ्या, अक्षया देवधरनं छान केल्या. राणादा त्यांना 'पाठकबाई' म्हणायचा, आपला जीव ओवाळून टाकायचा. सगळं गोड. पण घरात धनश्री काडगावकरची वहिनीसाहेब शिरली, एका भुवईनं बोलायला लागली, की माझ्या परिचयातल्या अतिशय सुसंस्कृत स्त्रिया सोफ्यावर ताठ बसायच्या. वहिनीसाहेबांना इस्टेट हवी, अधिकार हवा, आणि त्यासाठी त्या योजना आखतात. योजना! आपल्या नायिकेची योजना म्हणजे उपास. शिवाय वहिनीसाहेबांच्या साड्या. त्यांचे दागिने. कट रचतानाही नथ सरळ असते हो त्यांची. मध्यरात्री पाणी प्यायला उठलेली खलनायिका पैठणीत का, हा प्रश्न पुरुष विचारतात. बायका विचारत नाहीत. पैठणी नेसून मिरवायला लग्नाकार्यांशिवाय निमित्त मिळत नाही, हे त्या जाणतात.

अक्कासाहेबांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे नेता येणार नाही, माझी हिंमतही नाही. 'पुढचं पाऊल', स्टार प्रवाह, २०११ ते २०१७, हर्षदा खानविलकर. राजलक्ष्मी सरदेशमुख. त्या जिना उतरायच्या. बस, एवढंच. बाई जिना उतरतेय आणि खाली सगळे थांबलेत, बोलणं बंद झालंय, पुरुषही उभे राहिलेत! हे दृश्य प्रत्यक्षात किती बायकांच्या वाट्याला येतं? आम्ही आमच्या घरात जिना उतरलो तर कुणी मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. अक्कासाहेब चांगल्या की वाईट, हा प्रश्न गौण होता. त्यांचा शब्द चालायचा.

रंगाचा विषय निघाला तेव्हा आम्ही जरा गप्प झालो होतो. 'रंग माझा वेगळा'मधली दीपा सावळी, तिला रंगावरून ऐकवतात, आणि ती ताठ राहते, म्हणून आवडली. ज्यांना 'मुलगी हुशार आहे, रंगानं जरा...' या वाक्यातल्या त्या तीन टिंबांनी पोळलंय, त्यांनी ती मालिका डोळ्यांत पाणी आणून पाहिली. पण सावळी दीपा करायला उजळ रेश्मा शिंदेला घेऊन तिला काळं रंगवलं, ही गोष्ट कुणी उघडपणे काढली की वातावरण बिघडायचं. मी काढली होती. मला पुढच्या वेळी खिरापत कमी मिळाली.

आता बसा, कारण आता सासूबाईंचं लग्न आहे.

२०१९ च्या जुलैत 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली आणि साठीच्या पुढच्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की हे काही बरं नाही. आसावरी म्हणजे निवेदिता सराफ. विधवा, सासऱ्यांच्या धाकात, मुलाच्या कह्यात, दिवसभर हात पुसत उभी. सासरे म्हणजे कै. रवी पटवर्धन, काय तो आवाज! आणि तिच्या आयुष्यात अभिजित राजे येतात, गिरीश ओक. पेशानं शेफ. सून शुभ्रा (पुन्हा तेजश्री प्रधान, ही मुलगी सुनेच्या खात्यातच भरती झालेली दिसते) सासूचं लग्न लावून द्यायला निघते. शांतं पापम्! या वयात? नातवंडं खेळवायच्या वयात हळद? असं म्हणणाऱ्या सगळ्या साडेआठच्या आधी जेवणं उरकून, गुडघ्याला तेल लावून टीव्हीसमोर. लग्नाचे भाग आले तेव्हा तर त्यांनी स्वतःच्या नातेवाइकांच्या रिसेप्शनला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

मी बारकाईनं पाहत होते की यांना नेमकं काय बांधून ठेवतंय. प्रेम? थोडंसं. अभिजित राजे दिसायला बरे? तेही. पण सगळ्यांत जास्त शांतता पसरायची ती ते ओट्याशी उभे राहिले की. पुरुष स्वयंपाक करतोय, ताट वाढतोय, आणि समोर आसावरी बसलीय. बसलीय! गरम गरम खातेय! चाळीस वर्षं शेवटची पोळी तव्यावरून थेट आपल्या ताटात घेऊन, तीही गार झाल्यावर खाल्लेल्या बायका तो प्रसंग श्वास रोखून बघायच्या. मुंबईत, पुण्यात, साताऱ्यात, मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीत जाऊन राहिलेल्या आज्यासुद्धा मोबाइलवर. चुंबनाचे प्रसंग दाखवून जे साधत नाही ते त्या गरम फुलक्यानं साधलं.

आणि बबड्या! आसावरीचा लाडावलेला मुलगा सोहम. आशुतोष पत्कीनं तो इतका उत्तम केला की लोक त्याला शिव्या घालत. 'बबड्या' ही महाराष्ट्राला मिळालेली देणगी आहे. अमुक घरात बबड्या आहे एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. या नावाच्या चर्चेत एक नियम कडक पाळला जायचा. बबड्या नेहमी शेजारच्या घरात असायचा. जावेचा मुलगा बबड्या, नणंदेचा मुलगा बबड्या, वरच्या मजल्यावरचा तर पक्का बबड्या. 'आमचा मात्र तसा नाही हं,' असं म्हणून ती माउली चाळिशीच्या मुलाचे मोजे शोधायला आत गेली. आसावरी आवडली ती यासाठीही. ती आमच्यासारखीच चुकलेली होती. मुलगा बिघडला तो तिच्या हातून बिघडला, आणि मालिकेनं ते तिला तोंडावर सांगितलं. निर्दोष नायिकेवर माया करता येते. चुकलेल्या नायिकेकडे बघताना मात्र घशात काहीतरी अडकतं आणि आपण म्हणतो, जरा आवाज कमी करा.

आता अरुंधती. इथे मी पदर खोचून बोलणार आहे.

'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर आली. मुळात ही बाई बंगाली, 'श्रीमयी'. तिचीच मराठीत मधुराणी प्रभुलकरची अरुंधती झाली, हिंदीत रूपाली गांगुलीची 'अनुपमा' झाली, आणि पुढे तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळममध्येही ती पोचली. विचार करा, इतक्या भाषांचा हा देश, खाणं वेगळं, नेसणं वेगळं, आणि नवरा सगळीकडे एकाच मापाचा बसला! दिग्दर्शकाला त्यात फार फेरफार करावा लागला नसणार. आमच्याकडचा नमुना म्हणजे मिलिंद गवळींचा अनिरुद्ध. पंचवीस वर्षांचा संसार, तीन मुलं, आई-वडील, आणि ऑफिसातली संजना. अरुंधती काय करत होती? सगळं. आणि मुलं काय म्हणत होती, ते मालिकेच्या नावात आहेच.

ही बाई गप्प राहायची. किती गप्प! कांचनताईंनी, म्हणजे सासूबाईंनी बोल लावला की खाली मान. अनिरुद्ध ओरडला की खाली मान. मुलगी फिस्कारली की... तेच. दररोज संध्याकाळी साडेसातला आमच्या बायका दात-ओठ खात बसायच्या. आणि मग कधीतरी, महिनोन् महिन्यांनी, अरुंधती मान वर करायची. आवाज न चढवता, तीन-चार वाक्यं. मागे वाद्यं गप्प. अनिरुद्धचा चेहरा पडलेला, तोच चेहरा तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून दाखवलेला. काय तो आनंद! फोन लगेच सुरू. 'पाहिलंस? कसं ऐकवलं!' ते उत्तर मग मोबाइलवर आठवडाभर फिरायचं, लेकी आयांना पाठवायच्या, आया बहिणींना, आणि एक-दोघींनी तर स्वतःच्या नवऱ्याला पाठवलं, खाली हसरा चेहरा लावून.

माझं मत विचाराल तर आमच्या बायकांना आवडते ती नायिका नव्हेच. आवडतं ते उत्तर. मालिकावाल्यांना हे आमच्याआधी कळलं. त्यांनी त्याची भिशी लावली. रोज थोडा अपमान गिळायचा, रोज थोडे पैसे भरायचे, आणि वर्षातून एकदा आपला नंबर लागतो. नंबर लागला की इतकं बरं वाटतं की पुढच्या वर्षीचीही भिशी आपण आनंदानं धरतो. लबाडी इथेच आहे. दुसऱ्या दिवशी अरुंधती पुन्हा त्याच घरात, त्याच माणसांमध्ये, कुणाच्या तरी तापासाठी काढा उकळत. घटस्फोट झाला तरी घर सुटत नाही, आशुतोषशी दुसरं लग्न झालं तरी जुन्या सासरचा दरवाजा सुटत नाही. आणि तो भला आशुतोष, ज्याच्या बाजूनं आम्ही सगळ्या लढलो, त्याला तर लेखकांनी मारूनच टाकलं! त्या आठवड्यात आमच्याकडे टीव्ही संचाला उद्देशून जे शब्द वापरले गेले ते छापण्याजोगे नाहीत. २०२४ मध्ये अरुंधतीला संध्याकाळच्या साडेसातवरून उचलून दुपारी अडीचला नेऊन बसवलं. चार वर्षं ज्या बाईनं वाहिनीचं घर चालवलं तिला शेवटी दुपारची पाळी. बायकांना यातही काही नवीन वाटलं नाही.

पूर्वी असं नव्हतं, हे सांगितल्याशिवाय माझ्या पिढीला झोप येत नाही. १९८५ मध्ये प्रिया तेंडुलकरांची 'रजनी' दूरदर्शनवर यायची. बासू चटर्जींची मालिका. गॅस सिलिंडरवाला असो की टॅक्सीवाला, रजनी त्याच भागात उभी राहायची, त्याच भागात बोलायची, त्याच भागात प्रश्न निकालात. अर्ध्या तासात! रडारड नाही, पार्श्वसंगीताचा कडकडाट नाही. मग मराठीत प्रतीक्षा लोणकरची पत्रकार 'दामिनी' आली. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर 'आभाळमाया'ची सुधा जोशी आली, सुकन्या कुलकर्णी. शिकवणारी, कमावणारी, नवऱ्याच्या दुसऱ्या घराचं सत्य पचवून उभी राहणारी. त्यांच्या तोंडी उत्तर असायला दोन वर्षं वाट पाहावी लागत नव्हती. मग वाहिन्या वाढल्या, मालिका रोजच्या झाल्या, दर आठवड्याला टीआरपी यायला लागला, आणि उत्तराला उशीर व्हायला लागला. रोज बावीस मिनिटं भरायची असतील तर बाईनं पहिल्याच दिवशी बोलून कसं चालेल? बोलली तर मालिका संपेल. तिकडे हिंदी मालिकेत तुलसीबाई २००० मध्ये आल्या, २००८ ला गेल्या आणि २०२५ च्या जुलैत स्मृती इराणी पुन्हा तुळशीला पाणी घालताना दिसल्या. पहिल्या वेळी ज्या मुली आईच्या मांडीवर बसून बघत होत्या त्या आता स्वतः सुना झाल्या आहेत. आमच्या एका मैत्रिणीनं पहिला भाग बघून एवढंच म्हटलं, 'साडी चांगली आहे.' त्यापुढे तिनं जे बघितलं त्याचा ती उल्लेख करत नाही.

उत्तराची आवड इतकी कशी सर्वांना पुरते, हे मला कळत नव्हतं. सासवाही खूश, सुनाही खूश. मग ऐकवलं कुणाला? याचा उलगडा आमच्या सोसायटीतल्या एका घरात झाला आणि तो बाहेर कसा आला हे मी सांगणार नाही. सासू आणि सून, दोघी पक्क्या अरुंधतीवाल्या, एकाच सोफ्याच्या दोन टोकांना. त्या संध्याकाळी अरुंधतीनं तोंड उघडलं आणि 'मीही माणूस आहे' या थाटाचं काहीतरी जबरदस्त ऐकवलं. दोघी एकदम म्हणाल्या, "बरं झालं! कुणीतरी सांगायलाच हवं होतं!" आणि मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुनेच्या लेखी ती कांचनताईंना बोलली होती. सासूच्या लेखी, जी दिवसभर राबते आणि जिची घरात कुणाला किंमत नाही, ती अरुंधती म्हणजे सासू स्वतःच; आणि बोलणी खाल्ली ती आयत्या घरात येऊन मिरवणाऱ्या पुढच्या पिढीनं. दोघींना आपापल्या बाजूनं न्याय मिळाला होता. जाहिराती लागल्या. चहाची वेळ झाली होती. कुणी उठेना. दोघीही त्या क्षणी अरुंधती होत्या, आणि अरुंधतीनं नुकतंच सांगितलं होतं की आता ती स्वतःला गृहीत धरू देणार नाही.

शेवटी सासरे उठले. आत भांड्यांचा बराच आवाज झाला. मग तिथूनच त्यांनी विचारलं, साखरेचा डबा कुठला. त्रेचाळीस वर्षांचा संसार आहे हो त्यांचा!